गर्भाशयातील अमानत



मानवाच्या जन्माचा उल्लेख पवित्र कुरआनमध्ये अनेक ठिकाणी आला आहे. सूरह अल-मोमिनून आणि सूरह अल-मुरसलात या दोन्ही सूरहमध्ये त्या संदर्भात एक शब्दप्रयोग येतो, तो म्हणजे 'करारे-मकीन'. करार म्हणजे स्थिरावण्याची जागा आणि मकीन म्हणजे भक्कम, सुरक्षित. मातेच्या गर्भाशयाचे वर्णन अल्लाहने या शब्दांत केले आहे. एका क्षुद्र थेंबापासून आरंभ झालेला जीव या जागी ठेवला जातो आणि त्याच्यासाठी निश्चित केलेल्या मुदतीपर्यंत तेथे सांभाळला जातो.

या शब्दावर आज थांबून विचार करण्याचे कारण असे की, त्या सुरक्षित जागेपर्यंत माणसाचे हात आणि त्याची उपकरणे पोहोचली आहेत. प्रयोगशाळेत स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग घडवून तो गर्भाशयात ठेवणे आता सर्वपरिचित आहे. परंतु याच्या नेमके उलट जाणारेही एक तंत्र आहे. गर्भधारणा शरीरातच होऊ द्यायची आणि गर्भ रुजण्यापूर्वी तो धुऊन बाहेर काढायचा. या तंत्राच्या निमित्ताने जे प्रश्न उभे राहतात, ते वंध्यत्वाच्या उपचाराची वाट धरणाऱ्या प्रत्येक मुस्लिम कुटुंबाने जाणून घेतले पाहिजेत. उपचाराची पद्धत कोणतीही असो, हे प्रश्न तेच राहतात.

तंत्र काय आहे

स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचा संयोग बीजवाहिनीत होतो. तेथून तो सूक्ष्म जीव विभागत विभागत तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवसाच्या आसपास तो पेशींच्या पोकळ गोळ्यासारखा झालेला असतो. त्याचा आकार एका मिलीमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाहून थोडा अधिक असतो. त्यानंतर तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. म्हणजे गर्भाशयात उतरणे आणि रुजणे यांमध्ये दोन-तीन दिवसांचा असा काळ असतो, जेव्हा हा जीव आपल्या जागी पोहोचलेला असतो, परंतु मातेशी अद्याप जोडला गेलेला नसतो.

हे उपकरण याच काळाचा उपयोग करते. एक बारीक नळी गर्भाशयमुखातून आत सरकवली जाते. बाहेरच्या बाजूने द्रव निसटू नये म्हणून छोट्या फुग्याने मार्ग बंद केला जातो. नंतर निर्जंतुक द्रव आत सोडून तो पुन्हा ओढून घेतला जातो आणि बाहेर आलेल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ शोधला जातो. गायींच्या बाबतीत ही पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. उत्तम जातीच्या गायीच्या गर्भाशयातून सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भ धुऊन काढतात आणि साधारण गायींच्या गर्भाशयात सोडतात. आपल्याकडील पशुपालकांनाही हे ठाऊक आहे.

माणसाच्या बाबतीत हा प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. डॉ. जॉन बस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीच्या गर्भाशयात दुसऱ्या स्त्रीच्या पतीचे वीर्य सोडले. सुमारे पाच दिवसांनी त्या गर्भाशयातून गर्भ धुऊन काढला आणि तो त्या पतीच्या पत्नीच्या गर्भाशयात ठेवला. १९८४ च्या आरंभी असे पहिले मूल जन्मास आले. या पद्धतीवर पेटंट मिळविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यावरून वैद्यकीय जगात वादही झाला. पुढे ही पद्धत मागे पडली. गर्भ धुऊन निघाला नाही तर ज्या स्त्रीने तो केवळ काही दिवसांसाठी धारण केला होता तिलाच दिवस राहण्याचा धोका होता. शिवाय परक्या वीर्यातून रोगाचा संसर्ग होण्याचीही भीती होती.

अलीकडे हे तंत्र नव्या उपकरणासह पुन्हा पुढे आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेक्सिकोतील ८१ स्त्रियांवर १३४ वेळा हा प्रयोग केल्याचे आणि त्यांतून १३६ गर्भ मिळाल्याचे नमूद आहे. त्या स्त्रियांना अधिक बीजे तयार होण्याची औषधे देण्यात आली, दात्यांचे वीर्य सोडण्यात आले आणि मिळालेल्या गर्भांची गुणसूत्रे तपासण्यात आली. काही स्त्रियांच्या शरीरात गर्भ राहून गेला आणि तो वैद्यकीय उपायांनी संपवावा लागला. त्या स्त्रियांना मूल नको होते. त्यांच्या गर्भाशयाचा उपयोग गर्भ तयार करण्यापुरताच करण्यात आला होता.

उपकरण आणि हेतू

इस्लामने उपचारास कधीही विरोध केलेला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करून घेण्याची आज्ञा दिली आहे आणि अल्लाहने प्रत्येक रोगासोबत त्याचा उपायही निर्माण केला आहे, असे सांगितले आहे. मूल न होणे ही पती-पत्नीच्या जीवनातील मोठी वेदना आहे. तिच्यावर उपाय शोधणे ही ईशइच्छेविरुद्धची तक्रार ठरत नाही. ह. जकरिया (अ.) यांनी वार्धक्यात आपल्या पालनकर्त्याकडे संतती मागितली आणि कुरआनने त्यांची ती याचना सन्मानाने नोंदविली आहे.

म्हणून नळी, फुगा, द्रव आणि सूक्ष्मदर्शक यांना हलाल किंवा हराम म्हणता येत नाही. याच नळीने एखाद्या स्त्रीच्या गर्भाशयाचा विकारही बरा करता येईल. शरीअत विचारते ते प्रश्न निराळे आहेत. हा गर्भ कोणाचा आहे? तो कोणासाठी बाहेर काढला जात आहे? तो कोणाच्या गर्भाशयात परत जाणार आहे? आणि जो परत जाणार नाही, त्याचे काय होणार आहे? या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर उपचार हा उपचार राहतो. ती मिळाली नाहीत तर उपचाराच्या नावाखाली अमानतीत खयानत होते.

वंशाची अमानत

पहिला प्रश्न वंशाचा, म्हणजे नसबाचा आहे. सूरह अल-फुरकानमध्ये अल्लाहने मानवाला पाण्यापासून निर्माण करून त्याला रक्ताचे आणि सासरचे अशी दोन प्रकारची नाती दिल्याचा उल्लेख आहे. नसब ही अल्लाहची देणगी आहे. सूरह अल-अहजाबमध्ये मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याची आज्ञा आहे. घटस्फोटित स्त्रीने इद्दत पाळावी आणि आपल्या गर्भाशयात जे आहे ते लपवू नये, हा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे. या आदेशांमागील एक मोठा हेतू असा की, जन्माला येणाऱ्या प्रत्येक जीवाला आपला पिता कोण, आपली माता कोण हे निःसंशय ठाऊक असावे. हुनैनच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) दुसऱ्याच्या शेताला आपले पाणी देण्यापासून श्रद्धावंतांना रोखले, हे ह. रुवैफेअ बिन साबित (र.) यांच्याकडून सुनन अबू दाऊदमध्ये नमूद आहे. परक्याच्या गर्भात आपले वीर्य मिसळू नये, हा त्याचा आशय आहे.

आता कॅलिफोर्नियातील त्या प्रयोगाकडे या दृष्टीने पाहा. एका पुरुषाचे बीज त्याच्या विवाहात नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात गेले. तेथे जीव निर्माण झाला. पाच दिवसांनी तो दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात नेला गेला आणि तिने त्याला जन्म दिला. सूरह अल-मुजादलामध्ये जन्म देणारीलाच माता म्हटले आहे. मग जिच्या बीजातून तो निर्माण झाला आणि जिच्या शरीरात तो प्रथम उतरला, तिचे नाते कोणते? त्या मुलाचा विवाह ठरविताना कोणत्या घरच्या मुली त्याला निषिद्ध मानायच्या? वारसा कोठून मिळायचा? या प्रश्नांची किंमत ज्याने काहीच मागितले नव्हते त्या मुलाला मोजावी लागते.

म्हणूनच याविषयी जगातील विद्वानांनी एकत्र बसून विचार केला. १९८० साली मिसरचे तत्कालीन मुफ्ती शेख जादुल हक अली जादुल हक यांनी दिलेल्या फतव्यात पती-पत्नीच्या मर्यादेत कृत्रिम गर्भधारणेस अनुमती दिली आणि तिसऱ्या व्यक्तीचा सहभाग निषिद्ध ठरविला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सात पद्धतींचा विचार केला. त्यांपैकी पाच पद्धतींमध्ये परक्याचे वीर्य, परकीचे बीज किंवा परकीचे गर्भाशय येत होते. त्या पाचही निषिद्ध ठरल्या. विवाह कायम असताना पतीचे वीर्य आणि पत्नीचे बीज घेऊन त्याच पत्नीच्या गर्भाशयात गर्भ ठेवण्यास, आवश्यकता असेल आणि पुरेशी खबरदारी घेतली जाईल तर, परवानगी देण्यात आली.

याच संदर्भातील आणखी एक घटना मननीय आहे. मक्का येथील फिकह परिषदेने १९८४ साली एक सूट दिली होती. पती-पत्नीचा गर्भ त्याच पतीच्या दुसऱ्या पत्नीच्या गर्भाशयात वाढविता येईल, असे तिचे म्हणणे होते. परंतु त्या दुसऱ्या पत्नीला त्याच सुमारास स्वतःचाही गर्भ राहू शकतो आणि मग कोणते मूल कोणत्या मातेचे हे सांगता येणार नाही, ही शंका पुढे आली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, परिषदेने ती सूट मागे घेतली. आपले मत मागे घेण्यात त्या विद्वानांना कमीपणा वाटला नाही. नसबाविषयीची एक शंकादेखील त्यांना पुरेशी गंभीर वाटली. आपण मात्र दवाखान्यातील अर्जावर न वाचता सही करतो!

गर्भाचा मान

दुसरा प्रश्न गर्भाच्या मानाचा आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसच्या आधारे बहुसंख्य विद्वान मानतात की गर्भात १२० दिवसांनी रूह फुंकली जाते. पाच दिवसांच्या गर्भाला म्हणून पूर्ण माणसाचा दर्जा कोणी देत नाही. त्याआधीच्या काळाविषयी हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली विद्वानांमध्ये मतभेद आहेत. आपल्याकडे देशावर बहुतांशी हनफी आणि कोकणात शाफई मताचे अनुसरण होते, म्हणून आपापल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

परंतु रूह नाही म्हणून किंमतही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्याउ उलूमिद्दीन' या ग्रंथात अस्तित्वाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. स्त्री-पुरुषांची बीजे गर्भाशयात एकत्र येऊन जीवन स्वीकारण्यास सिद्ध झाली की ती पहिली पायरी होय, आणि तेव्हापासूनच तिला बाधा आणणे हा अपराध आहे, असे ते मानतात. पायरी जसजशी वर जाते तसतसे त्या अपराधाचे गांभीर्य वाढत जाते. ज्याच्या हातात बी आहे त्याच्यावर त्या झाडाची जबाबदारी आहे, मग अंकुर दिसो वा न दिसो.

या दृष्टीने मार्च १९९० मधील जेद्दाह येथील फिकह अकादमीचा निर्णय महत्त्वाचा आहे. जेवढे गर्भ गर्भाशयात ठेवायचे आहेत तेवढीच बीजे फलित करावीत, म्हणजे शिल्लक राहण्याचा प्रश्न उद्भवणार नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही काही शिल्लक राहिले तर त्यांना वैद्यकीय साहाय्याविना नैसर्गिकरीत्या संपू द्यावे आणि ते दुसऱ्या कोणत्याही स्त्रीच्या गर्भाशयात ठेवू नयेत, असाही आदेश आहे. अनेक गर्भ धुऊन काढायचे, तपासायचे, एक निवडायचा आणि उरलेल्यांचा विचारच करायचा नाही, ही वृत्ती या निर्णयाशी जुळत नाही.

निवड कशासाठी?

येथे कोणी विचारील की, पती-पत्नी दोघांच्या रक्तात एखाद्या गंभीर आनुवंशिक रोगाचा अंश असेल तर? थॅलेसेमियासारख्या आजारात मुलाला आयुष्यभर रक्त चढवावे लागते. असे मूल सांभाळणाऱ्या मातेचे दुःख शब्दांत मावत नाही. पती-पत्नीच्याच गर्भाची, तो रुजण्यापूर्वी, अशा गंभीर रोगासाठी तपासणी करण्यास अनेक विद्वानांनी अटींसह वाव दिला आहे. मात्र याहून सोपा मार्ग आपल्या हातात आहे. निकाहपूर्वी मुला-मुलीची एक साधी रक्ततपासणी केली तर दोघेही या रोगाचे वाहक आहेत का हे कळते. जेथे नात्यातच विवाह होतात त्या कुटुंबांनी तर हे अवश्य करावे. साखरपुड्याच्या याद्या आपण महिनाभर करतो, त्यात या तपासणीला एक दिवस द्यावा.

परंतु निवडीचे दार एकदा उघडले की त्यातून दुसरेही काही आत येते. गर्भ तपासता येतो म्हणजे त्याचे लिंगही कळते. मुलगी आहे म्हणून गर्भ न ठेवणे हे कृत्य सूक्ष्मदर्शकाखाली घडले तरी त्याची जात बदलत नाही. सूरह अन-नहलमध्ये मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून काळवंडलेल्या चेहऱ्यांचा धिक्कार आहे. सूरह अत-तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारले जाण्याची वार्ता आहे. देशाचा १९९४ चा कायदाही गर्भलिंगनिदानास आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीसही मनाई करतो. मुले देणारा, मुली देणारा, दोन्ही देणारा आणि काहींना अपत्यहीन ठेवणारा अल्लाहच आहे, हे सूरह अश-शूरामध्ये स्पष्ट सांगितले आहे. त्या वाटणीत मुलींचा उल्लेख आधी येतो, याकडे अनेक भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

ज्या पती-पत्नींना उपचार घ्यावयाचे आहेत, त्यांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. बीज, वीर्य आणि गर्भाशय ही तिन्ही त्या दोघांचीच असतील, हे डॉक्टरांना प्रथम भेटीतच सांगावे. 'दात्याची गरज पडली तर' या शब्दांपुढे विचार न करता सही करू नये. किती बीजे फलित करायची हे आधी ठरवून लिहून घ्यावे. भारतात २०२१ च्या साहाय्यभूत प्रजनन कायद्यानुसार दवाखान्याची नोंदणी आणि जोडप्याची लेखी संमती आवश्यक आहे. गर्भ साठवून ठेवण्याची मुदतही कायद्याने ठरविली आहे. शिल्लक गर्भ संशोधनाला द्यायचे किंवा अन्य जोडप्याला द्यायचे, असे पर्याय समोर आले तर आलिमांना विचारल्याविना होकार देऊ नये. पतीचे निधन झाले किंवा तलाक झाला तर साठविलेला गर्भ वापरता येणार नाही, हेही दोघांना ठाऊक असावे. नमुन्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी कोणती खबरदारी घेतली जाते, हे विचारण्यात संकोच नसावा. शक्य तेथे स्त्री डॉक्टर निवडावी, आणि तपासणी गरजेपुरतीच असावी.

आणि एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आपल्याकडे मूल झाले नाही की बोट सुनेकडे जाते. कारण पतीमध्येही असू शकते, हे ठाऊक असूनही त्याची तपासणी सर्वांत शेवटी होते. टोमण्यांनी थकलेली सून मग कोणत्याही कागदावर सही करायला तयार होते. ती निषिद्ध मार्गाला गेली तर त्या पापाचा वाटा केवळ तिचा राहील काय? सासू-सासऱ्यांनी हा प्रश्न आपल्या मनाला विचारावा.

अपत्य नसणे म्हणजे अल्लाहच्या कृपेपासून वंचित असणे नव्हे. उम्मुल मोमिनीन ह. आयशा (र.) यांना मूल झाले नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांचे भाचे अब्दुल्लाह यांच्या नावावरून 'उम्मे अब्दुल्लाह' ही कुनियत दिली. त्यांनी दिलेल्या ज्ञानावर आज सारी उम्मत पोसली जात आहे. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती निकट असेल, हे प्रेषितांनी (स.) आपली दोन बोटे दाखवून सांगितले. अनाथाला घरात आणा, त्याच्या खऱ्या पित्याचे नाव त्याच्याजवळ राहू द्या आणि माया मात्र आपली द्या. यात नसबही सुरक्षित राहतो आणि रिकामे घरही भरते.

सुरक्षित जागी ठेवलेली वस्तू ज्याची असेल त्याच्या आज्ञेनेच हलवावी लागते. गर्भाशयात जे ठेवले जाते ते अल्लाहने ठेवलेले असते. पती-पत्नी त्याचे रक्षक आहेत आणि डॉक्टर त्यांचे सहाय्यक आहेत. त्यांच्यापैकी मालक कोणीही नाही.

हे अल्लाह! ज्यांची कूस रिकामी आहे त्यांना सदाचारी संतती दे, आणि ज्यांच्यासाठी तू दुसरे काही राखून ठेवले आहेस त्यांना समाधान दे. आमच्या डॉक्टरांना ज्ञानासोबत तुझे भय दे. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या जिभेवर दया ठेव. जी अमानत तू आमच्या हाती सोपवलीस ती जशी दिलीस तशी परत करण्याचे सामर्थ्य आम्हाला दे. आमीन.